कानास पुन्हां दडा बसतो तेव्हां

सन २०२४ च्या जून महिन्यांत प्रसिद्ध पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनीं एक दुःखद वार्ता स्वतःच जाहीर केली. विमानांतून उतरून बाहेर पडतांना आपणांस एकाएकीं कांहींच ऐकूं येईनासें झालें, व विषाणूच्या आघातानें श्रवणाच्या मज्जातंतूस विकार जडल्याचें वैद्यांचें निदान आहे, असें त्यांनीं लिहिलें. आमच्या गडमुडशिंगीच्या शेजारींच उजळाईवाडीचें विमानतळ. तेव्हां येथील कित्येकांनीं सगळा दोष विमानाच्याच माथीं मारला! वस्तुतः विमान उतरतांना कान दडपतात ते हवेच्या दाबामुळें. आवंढा गिळला, जांभई दिली, कीं ते बहुधा मोकळे होतात. मज्जातंतूचें बहिरेपण निराळें. तें बहुतकरून एकाच कानास, कांहीं तासांत किंवा फार तर तीन दिवसांत येतें. सुश्रुतानें उत्तरतंत्रांत कानाचे २८ रोग सांगतांना कर्णनाद व बाधिर्य हे पृथक् गणले आहेत. येथें दोघेही पुष्कळदां एकाच सकाळीं दारांत उभे राहतात.

घरोघरीं पहिला उपाय म्हणजे कोमट तेल, कारण मळ असावा ही समजूत. तोंड मिटून हुंकार काढून पाहावा. तो बंद कानांतच मोठा वाटला तर मळ किंवा सर्दी असण्याचा संभव. चांगल्या कानाकडे गेला तर मज्जातंतूचा संशय धरावा. शाळेंत आम्ही जो नादकाटा वाजवून दाखवीत असूं, तोच कपाळावर टेकवून वैद्य हीच परीक्षा करतात, व मग यंत्रानें श्रवणमापन होतें. हुंकारावर विसंबून घरीं मात्र बसूं नये. स्टेरॉइडचें औषध पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यांतही जितकें लवकर तितकें, उपयोगी पडतें. गोळ्यांनीं गुण न आल्यास कानाच्या पडद्यांतून तेंच औषध टोंचतात.

पुष्कळांचा कान अंशतः तरी आपोआपही सुधारतो, आणि येथेंच घात होतो. आमच्या एका स्नेह्यांचा डावा कान पहिल्या खेपेस आठवड्यांत सुटला. दोन वर्षांनीं पुन्हां दडा बसला तेव्हां त्यांनीं कपाटांतील जुनी चिठ्ठी काढून त्याच गोळ्या आणविल्या. गृहस्थ मधुमेही, या औषधानें रक्तांतील साखर चढते, ती चढली, आणि कानाचे अकरा दिवस व्यर्थ गेले.

एकदांच आलेल्या या विकाराचें कारण बहुधा सांपडत नाहीं. परंतु तो परतला म्हणजे परतणें हेंच एक लक्षण होतें. कमीजास्त होणारें बहिरेपण, कानांत घुमणें, दडपण, आणि वीस मिनिटांपासून कांहीं तास टिकणारी भोवळ अशी चौकडी जमली तर मेनियरचा रोग मनांत आणावा. भोवळीचें मूळ मेंदूंतच नसून अंतःकर्णांतही असूं शकतें हें या फ्रेंच वैद्यानें १८६१ सालीं दाखविलें. दुसरा कानही कांहीं आठवड्यांत उतरूं लागला तर शरीराची संरक्षणशक्ति स्वतःच्याच अंतःकर्णावर उलटली आहे काय, हें पाहावें लागतें. क्वचित् मज्जातंतूवर सौम्य गांठ असते; ती एमआरआयनें दिसते. पहिल्या खेपेस तो राहिला असेल तर आतां टाळूं नये. अर्धशिशीचाही कांहीं रोग्यांत संबंध आढळतो. बहिरेपणाबरोबर बोबडी वळली, तोंड वांकडें झालें, एकाचे दोन दिसूं लागले किंवा हातपाय लुळे पडले, तर तो कानाचा प्रश्न समजूं नये. त्याच घटकेस रुग्णालय गांठावें.

आमच्या स्नेह्यांस अखेर घरच्यांनीं कोल्हापुरास तज्ज्ञाकडे नेलें. निदान मेनियरचें निघालें. मीठ कमी झालें, साखर ताब्यांत आली, भोवळ विरळ झाली; कान मात्र पुरता परतला नाहीं. कीर्तनास ते आतां उजवा कान बुवांकडे करून बसतात, आणि श्रवणमापनाचे जुने कागद तारीखवार एका पाकिटांत ठेवतात.