रडपटांची बाजू

चित्रपट पाहून रडणे हे आपल्याकडे कमीपणाचे मानले जाते. मारामारीच्या प्रसंगाला शिट्टी वाजविणारा तरुण हौशी म्हणून खपून जातो. पण नायकाच्या मृत्यूने डोळे पुसणारी मुलगी भाबडी ठरते, आणि डोळे पुसणारा मुलगा तर थट्टेचाच विषय होतो. वसतिगृहात, कॅन्टीनमध्ये, फार काय प्राध्यापकांच्या खोलीतही 'रडका सिनेमा' हे दोन शब्द उच्चारले की पुढे चर्चेची गरज उरत नाही. मारधाडीच्या चित्रपटाला निदान 'टाइमपास' म्हणून तरी मान्यता आहे. रडपटाला तीही नाही. हा निवाडा कोणत्या पुराव्यावर दिला गेला, हे एकदा तपासून पाहावे असे मला वाटते.

तपासणीसाठी एक नमुना आयताच उपलब्ध आहे. ६ जून २०१४ रोजी अमेरिकेत दोन चित्रपट एकाच दिवशी प्रदर्शित झाले. एक 'एज ऑफ टुमॉरो' : नायक टॉम क्रूझ, परग्रहावरून आलेल्या शत्रूशी युद्ध, आणि खर्च सतरा-अठरा कोटी डॉलर. दुसरा 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' : जॉन ग्रीन यांच्या २०१२ सालच्या कादंबरीवर आधारलेला, कर्करोगाने ग्रासलेल्या दोन कोवळ्या मुलांच्या प्रेमाचा, आणि खर्च अवघा एक कोटी वीस लाख डॉलर. पहिल्या तीन दिवसांत रडपटाने सुमारे चार कोटी ऐंशी लाख डॉलर मिळविले. युद्धपटाला तीन कोटीही गाठता आले नाहीत. पुढे जगभरच्या गल्ल्यात युद्धपटच सरस ठरला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण गल्ल्यावरून गुण ठरत नाहीत. मला या दोन चित्रपटांतला वेगळाच फरक महत्त्वाचा वाटतो.

'एज ऑफ टुमॉरो'चा नायक मरतो आणि आदल्या दिवशी पुन्हा जागा होतो. पुन्हा लढतो, पुन्हा मरतो, पुन्हा उठतो. प्रत्येक मरणातून तो एक नवा डावपेच शिकतो. कल्पना मोठी चतुर आहे आणि चित्रपट रंगतोही झकास. पण इथे मरण म्हणजे परीक्षेतील नापासाचा शेरा. पुढच्या खेपेला बसले की झाले. 'फॉल्ट इन अवर स्टार्स'मध्ये मात्र मरणाला पुढची खेप नाही. हेजल ही मुलगी प्राणवायूचे नळकांडे सोबत ओढत फिरते. तिचा कर्करोग फुप्फुसांत पोचलेला आहे. ऑगस्टस या तिच्या मित्राने हाडाच्या कर्करोगात एक पाय गमावला आहे. हेजलला स्वतःच्या मरणापेक्षा एक काळजी अधिक छळते : आपण गेल्यावर आई-बाबांचे काय होईल? आई आपल्यामागे समाजसेविका होण्यासाठी गुपचूप अभ्यास करीत आहे, हे कळते तेव्हा या मुलीला राग येत नाही, आनंद होतो. आपल्यानंतरही आईला काही काम असेल, याचा तो आनंद! ज्या लेखकाला हे सुचले, त्याने तरुणपणी मुलांच्या इस्पितळात रुग्णांना धीर देण्याचे काम केले होते. ते अनुभव वाया गेलेले नाहीत.

मारधाडीच्या चित्रपटांबद्दल माझी तक्रार हीच आहे. पडद्यावर चाळीस माणसे पडतात. त्यांतल्या एकाच्याही घरी निरोप सांगायला कोणी जात नाही. खलनायकाच्या टोळीतल्या माणसालाही आई असेल, त्याचेही रेशनकार्ड असेल, हा विचार मनात येऊ नये अशीच त्या चित्रपटाची रचना असते. मरण स्वस्त केल्याशिवाय हाणामारीची मौज येत नाही.

याचा अर्थ सगळे रडपट थोर, असे मी मुळीच म्हणत नाही. या धंद्यातही लबाडी पुष्कळ आहे. १९७० सालच्या 'लव्ह स्टोरी'ने एक सुबक आजार लोकप्रिय केला. नायिका मरते, पण तिची केशभूषा शेवटपर्यंत शाबूत! त्याच वळणावर १९७८ साली आपल्याकडे 'अँखियों के झरोखों से' निघाला. असल्या चित्रपटांत औषधांचा वास नसतो, बिलांची चिंता नसते, रात्र रात्र जागून आंबलेले नातेवाईक नसतात. फक्त व्हायोलिन असते. 'फॉल्ट इन अवर स्टार्स'ही या मोहातून पूर्ण सुटलेला नाही. त्यातले दोघे आजारी जीव फारच देखणे आणि फारच हजरजबाबी आहेत. तेव्हा डोळ्यांतून पाणी आले एवढ्याने चित्रपट उत्तम ठरत नाही. कांदा चिरतानाही पाणी येते.

मग कसोटी कोणती? माझ्या मते एकच : गेलेल्या माणसाच्या मागे उरलेल्यांपाशी चित्रपट थांबतो की नाही? या कसोटीवर रडपटच पास होतील असे नाही. आणि मारधाडपट सगळेच नापास होतील असेही नाही. 'शोले' १९७५ साली आला. आपल्या कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत त्याचे चित्रण झाले. त्यातले घोडे, बंदुका, गब्बरचे संवाद सर्वांना पाठ आहेत. पण जय मरतो आणि वीरू मागे उरतो, तिथे थिएटरात शिट्टी वाजत नाही. शेजारच्या कन्नड चित्रसृष्टीने २०१८ साली 'केजीएफ' काढून देशभर गल्ला गोळा केला. त्या सगळ्या जाळपोळीच्या मुळाशी काय आहे? मरणाऱ्या आईला एका लहान मुलाने दिलेला शब्द. म्हणजे वीररसाचा हा एवढा मोठा कारखाना चालतो तो शेवटी करुणरसाच्या पाण्यावरच! आणि हसतो मात्र आपण करुणरसाला.

मराठीपुरते बोलायचे, तर २०१६ चा 'सैराट' सर्वांनी पाहिलेला आहे. पूर्वार्धात अख्खे थिएटर नाचत होते. शेवटी मात्र पडद्यावर संगीत नाही, किंकाळी नाही; रक्ताळलेल्या पावलांनी चालत जाणारे एक लहान मूल आहे. मागे उरलेले ते मूल! नागराज मंजुळे यांनी खून करणाऱ्यांवर कॅमेरा रोखला असता तर तो मारधाडपट झाला असता. त्यांनी तो मुलाकडे वळविला. पुढच्याच वर्षी ही कथा 'मनसु मल्लिगे' या नावाने कन्नडमध्ये गेली. जातीसाठी पोटच्या पोरीचा जीव घेणारी माणसे दोन्ही भाषांत आहेत, म्हणून त्या कथेला भाषांतर सोपे गेले असावे.

आता माझ्या मनातले खरे कारण सांगतो. गेल्या वर्षी आमच्या वसतिगृहातील एका मुलाचे वडील वारले. गावाहून फोन आला तेव्हा आम्ही आठ-दहाजण त्याच्या खोलीत जमलो. सगळे अभ्यासात हुशार, बोलण्यात तरबेज. पण कोणाला एक शब्द सुचेना. एकजण एस. टी. च्या वेळा सांगत राहिला. दुसरा म्हणाला, "रडू नकोस, आता तूच घरातला कर्ता." एकोणीस वर्षांच्या मुलाला बाप गेल्याच्या पहिल्या तासात आम्ही न रडण्याची आज्ञा केली! तो रडला नाही. बॅग भरून निघून गेला. मारामारी कशी पाहावी हे आम्हां मुलांना पडद्याने शेकडो वेळा शिकविले आहे. दुःखाजवळ कसे बसावे, हे शिकविणाऱ्या चित्रपटांना आम्ही 'बायकी' म्हणून बाजूला सारले आहे.

हे हसणे जुनेच आहे. साने गुरुजींनाही 'रडके' म्हणणारे होते. परंतु १९५४ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक पहिल्यांदा दिले गेले, ते आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला. भरतमुनींनीही नाट्याचे रस सांगताना वीराला आणि करुणाला एकाच पंगतीत बसविले आहे. आपणच करुणाचे पान उचलून मागल्या दाराशी नेऊन ठेवले.

तेव्हा मारधाडीचे चित्रपट अवश्य पाहा, मीही पाहतो. फक्त शेजारच्या खुर्चीवर कोणी डोळे पुसत असेल, तर कोपराने ढोसून हसू नका. तो कदाचित अशा एखाद्या तासाची तयारी करीत असेल, जो आपल्यापैकी कोणालाच चुकणार नाही.