लेक नर्स होऊन परदेशी निघते तेव्हा



माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत बोंडअळी, हुमणी, ठिबकाचे अनुदान हे विषय असतातच. पण गेल्या काही महिन्यांत एक नवाच प्रश्न वरचेवर येऊ लागला आहे. एक पत्र असे आहे : "मुलगी जी. एन. एम. झाली. जिल्ह्याच्या गावी खासगी दवाखान्यात १५ हजारांवर राबते आहे. एक एजंट इंग्लंडला पाठवतो म्हणतो, सहा लाख मागतो. दोन एकर गहाण टाकू का?"

मी पडलो शेतीखात्याचा माणूस, दवाखान्यातले मला काय कळणार? पण प्रश्न दोन एकरांचा आहे, तेव्हा गप्प बसवेना. आमच्या भागातल्या दोन मुली तिकडे नोकरीला आहेत, त्यांच्याशी निवांत बोललो, नियमांचे कागद वाचून काढले. जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, आपल्या मुलीची पदवी खरी असली तरी ती विमानातून उतरल्या दिवशी तिकडची नर्स होत नाही. यात अपमान वाटून घेऊ नये. एका विभागात चांगले उतरलेले वाण दुसऱ्या विभागासाठी शिफारस करण्याआधी आपण तिथे चाचणी घेतोच की नाही? तसेच हे. ब्रिटनमध्ये ही नोंदणी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल ही संस्था करते. जी. एन. एम. किंवा बी. एस्सी. नर्सिंग झालेल्या आणि आपल्या राज्याच्या कौन्सिलकडे नोंद असलेल्या मुलीला तिथे अर्ज करता येतो. ए. एन. एम.वर ती नोंदणी होत नाही. एखादा एजंट "ए. एन. एम.लाही नर्स म्हणून लावतो" म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

नंतर इंग्रजीची परीक्षा. आय. ई. एल. टी. एस. नावाच्या परीक्षेत वाचणे, ऐकणे, बोलणे यांत ७ आणि लिहिण्यात ६.५ गुण लागतात. नर्स-डॉक्टरांसाठी ओ. ई. टी. म्हणून वेगळी परीक्षा आहे, तीही चालते. मराठी शाळेत शिकलेल्या मुलींचे घोडे बहुधा इथेच अडते, आणि अडते ते बुद्धी कमी म्हणून नव्हे, सवय नाही म्हणून. सहा महिने, वर्ष रोज दोन तास दिले तर जमते. त्यानंतर संगणकावरची परीक्षा. ती आपल्याकडेच मोठ्या शहरातल्या केंद्रावर देता येते. त्यात औषधाच्या मात्रेची गणिते असतात आणि शुश्रूषेच्या ज्ञानाचे प्रश्न असतात.

खरी कसोटी तिकडे गेल्यावर. तिला सगळ्या मुली 'ऑस्की' म्हणतात. लीड्स, नॉर्दॅम्प्टन यांसारख्या मोजक्या केंद्रांवर ही प्रात्यक्षिक परीक्षा होते. २०२१ सालापासून तिच्यात १० ठाणी असतात. एका ठाण्यावर रोग्याचे सोंग घेतलेला माणूस असतो, त्याची तपासणी करायची. पुढच्या ठाण्यावर शुश्रूषेचा आराखडा लिहायचा, कुठे औषधे द्यायची, कुठे जखम बांधायची, कुठे बाहुलीची छाती दाबून जीव आणायचा. शुल्क ७९४ पौंड, म्हणजे आपल्या ८० हजार रुपयांच्या वर. सरकारी हॉस्पिटलने नेमलेल्या मुलीचे पहिले शुल्क बहुधा हॉस्पिटलच भरते. नोकरी सुरू झाल्यापासून १२ आठवड्यांत पहिल्यांदा परीक्षेला बसावे लागते आणि एकूण ८ महिन्यांत पास व्हावे लागते. एका अर्जावर तीन वेळा बसता येते. पास होईपर्यंत पगार खालच्या श्रेणीचा, नोंदणी झाल्यावर नर्सचा.

म्हणून तिकडची हॉस्पिटले नव्या मुलींना काही आठवडे वेगळे शिकवतात. काय शिकवतात ते ऐकून मला मोठी गंमत वाटली. सुई टोचणे, सलाईन लावणे यांत आपल्या मुली तरबेज. उलट एक मुलगी म्हणाली, "काका, इथे दिवसाला चाळीस सलाईनी लावत होते, आणि तिकडे पहिले काही महिने मला शिरेला हात लावू दिला नाही. त्यांच्या हॉस्पिटलचा शिक्का मिळेपर्यंत थांबावे लागले." शिकावे लागते ते दुसरेच. खाटेजवळ गेल्यावर आधी हात धुवायचे, मग आपले नाव सांगायचे, रोग्याला कसे हाक मारलेले आवडेल ते विचारायचे, हातातल्या पट्टीवरचे नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून पडताळायची, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का ते विचारायचे, पडदा ओढायचा, परवानगी घ्यायची, आणि मग हात लावायचा. आपल्याकडे एका सिस्टरमागे तीस-चाळीस खाटा, तिला हे सुचणार केव्हा? पण परीक्षेत हात धुवायला किंवा ॲलर्जी विचारायला विसरली, तर बाकी सगळे बरोबर करूनही मुलगी नापास होऊ शकते. कोपराखाली काही घालायचे नाही हाही नियम. घड्याळ नाही, बांगड्या नाहीत. घड्याळ छातीवर उलटे टाचतात. सासूबाईंनी हातात भरलेला चुडा पहिल्याच दिवशी उतरवावा लागला तर घरी रुसवा नको, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

औषधांचे एक सांगतो, ते तुम्हांला लगेच पटेल. मी सभेत नेहमी सांगत आलो की दुकानदार देईल त्या नावाचा डबा घेऊ नका, लेबलावर आतल्या औषधाचे नाव वाचा. तिकडे अगदी तेच. 'क्रोसिन' म्हटले तर कुणाला कळत नाही, पॅरासिटामॉल म्हणावे लागते. रक्तातल्या साखरेचे मापही वेगळे. आपल्याकडे १८० म्हणतो, तिथे तोच आकडा १० असा येतो. आपल्याकडचे ७० म्हणजे तिथले जेमतेम ४. ज्या मुलीच्या डोक्यात हा हिशेब बसला नाही, ती ४ बघून घाबरणार नाही आणि १० बघून उगाच धावपळ करील.

आणखी एक पद्धत मला फार आवडली. रोग्याचा श्वास, रक्तातला प्राणवायू, रक्तदाब, नाडी, ताप आणि शुद्ध या सहा गोष्टींना गुण देऊन बेरीज करतात. कृत्रिम प्राणवायू चालू असेल तर त्याचे गुण वेगळे. बेरीज ५ झाली की डॉक्टरला तातडीने बोलवायचे, ७ झाली की सगळी तुकडी धावली पाहिजे. झाडावर इतक्या अळ्या दिसल्या की फवारणी, त्याआधी नाही, अशी आर्थिक नुकसानीची पातळी आपण पाहतो ना, तसलाच प्रकार. "मला वाटले बरा आहे" या म्हणण्याला जागा ठेवलेली नाही.

मुलींना सर्वांत जड काय जाते? दोघींनीही एकच सांगितले : डॉक्टरला प्रश्न विचारणे. आपल्याकडे "सर म्हणतील तसे." तिथे औषधाची मात्रा चुकीची वाटली आणि नर्सने विचारले नाही, तर जाब तिलाही द्यावा लागतो. शिकवणाऱ्या बाई त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घेत, "डॉक्टर, हे मला बरोबर वाटत नाही." पहिल्या दिवशी वर्गातल्या निम्म्या मुलींच्या तोंडून शब्द फुटेना. भिडस्तपणा आपण घरात मुलींना लहानपणापासून पाजलेला असतो, तो आठवड्याभरात कसा उतरावा?

दुसरे जड काम नातेवाइकांचे. आपल्याकडे आजाराची गोष्ट थोरल्या मुलाला बाहेर बोलावून सांगतात आणि म्हाताऱ्याला "काही नाही, बरे व्हाल" म्हणतात. तिकडे आधी रोग्यालाच सांगायचे, आणि त्याची परवानगी नसेल तर मुलालाही नाही. आणि आपल्याकडे रोग्याला पुसून काढणे, भरवणे, भांडे देणे हे घरची माणसे करतात. तिथे खाटेजवळ घरचे कुणी नसते, ते सगळे नर्स आणि मदतनीस करतात. एका मुलीला पहिले पंधरा दिवस म्हाताऱ्या पुरुषांची दाढी करताना संकोच वाटला. नंतर म्हणाली, "आप्पांची करत असे तशीच करते."

जर्मनीचा रस्ता निराळा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. केरळच्या मुली तर १९६०च्या दशकापासून तिकडे जात आल्या. तिथे इंग्रजी चालत नाही. जर्मन भाषेची बी-१, बी-२ अशी इयत्ता गाठावी लागते, आणि मुळाक्षरांपासून सुरुवात केली तर वर्षाच्या आसपास वेळ धरावा. तिकडचे अधिकारी आपला अभ्यासक्रम त्यांच्याशी ताडून कुठे काय कमी पडते ते लेखी कळवतात. मग मुलीने एकतर परीक्षा द्यायची किंवा तेवढ्यापुरते शिक्षण हॉस्पिटलात पुरे करायचे. माती परीक्षणाचा अहवाल पाहून जे कमी तेवढेच खत घालावे, तसा हा सरळ मार्ग मला वाटला. मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून काम आणि पगारही कमी, हे मात्र धरून चालावे.

आता सहा लाखांचे. ब्रिटनमध्ये नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेणे एजन्सीला मना आहे. हॉस्पिटलने एजन्सीला द्यायचे असतात. आपल्याकडेही १९८३च्या परदेशगमन कायद्याखालच्या नियमांत परवानाधारक एजंटाच्या सेवाशुल्काला ३० हजार रुपये अधिक कर अशी मर्यादा घातलेली आहे. आता खरा खर्च जोडा. संगणकावरच्या परीक्षेचे ८३ पौंड, कौन्सिलच्या अर्जाचे १४० पौंड, दोन्ही मिळून २५ हजारांच्या आसपास. वर इंग्रजीची शिकवणी व परीक्षा, पासपोर्ट, राज्य कौन्सिलचे दाखले. सहा लाख कुठे बसतात ते एजंटालाच विचारावे, आणि प्रत्येक रकमेची पावती मागावी. बहुतेक जण पावतीचे नाव काढताच पुन्हा फिरकत नाहीत.

करारावर सही करण्याआधी एक कलम बोट ठेवून वाचावे. ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडली तर किती रक्कम परत करायची, आणि ती दर महिन्याला कमी होत जाते की तशीच राहते? मुलगी आजारी पडली, बाळंतपण आले, तर काय? इंग्रजी येत नसेल तर गावच्या मास्तरांकडून वाचून घ्या, पण सही आधी आणि वाचन मागून असे नको.

हेही सांगितले पाहिजे की तिकडची भरती आता पूर्वीसारखी नाही. परदेशातून येऊन ब्रिटनमध्ये नव्याने नोंदणी करणाऱ्या नर्सेसची संख्या २०२४-२५ मध्ये आदल्या वर्षापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी घटली. कांद्याला भाव आला की सगळ्यांनी कांदा लावायचा, हा आपला जुना रोग इथे नको.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या दादांना माझे उत्तर असे. जमीन गहाण टाकू नका. मुलीला तीच नोकरी करत इंग्रजीची शिकवणी लावा, जमल्यास मोठ्या हॉस्पिटलात वर्ष-दोन वर्षांचा अनुभव मिळवू द्या. टोमॅटोची रोपे लावण्याआधी आठवडाभर पाणी तोडून काटक करतो, तसे हे वर्ष समजा. राज्य कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा, गुणपत्रिका आणि जन्मदाखल्यावरचे नाव एकसारखे आहे का ते आजच पाहा. आडनावातल्या एका अक्षराच्या फरकाने माझ्या माहितीतली एक मुलगी सात महिने अडकून पडली होती. इंग्रजीचे गुण हातात आले की मग हॉस्पिटलशी बोलणी. आणि जायचे की नाही हे तिला विचारा. पत्रात तुम्ही सगळे लिहिले, तिचे मत तेवढे लिहिले नाही.

पुढील अंकी हरभऱ्यावरील घाटेअळीबद्दल.