काळ्या जीन्सला घाई नको

भोसरी एमआयडीसीत पाळी सुटली की दुचाकींच्या गर्दीत काळ्या जीन्स पुष्कळ दिसतात. ऑईलचा डाग काळ्यावर खपून जातो, हे कारण पुरेसं आहे. पण नवी जीन्स घेताना हीच मंडळी बरेचदा मांड्यांवर पांढरट पट्टे आधीच पाडलेली जोडी उचलतात. हा सौदा तोट्याचा आहे.

निळी जीन्स विटते ती इंडिगोच्या स्वभावामुळे. हा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, सालीसारखा वरवर बसतो. घासला गेला की आतला पांढरा कापूस उघडा पडतो. काळ्या डेनिमला बहुधा सल्फर ब्लॅक वापरतात. अशा प्रकारचा पहिला काळा रंग फ्रान्सच्या रेमों विदाल यांनी 1893 मध्ये आणला. सल्फर ब्लॅक धाग्यात जास्त खोल मुरतो. त्यामुळे निळ्यासारखी ठसठशीत नक्षी उमटत नाही. आधी शिवणींच्या कडा आणि खिशाचं तोंड करडं पडतं, मग गुडघे, मग रोज मोबाईल किंवा मेजर टेप जिथे घासते ती जागा.

कोरी, म्हणजे कारखान्यात न धुतलेली, काळी जीन्स घेताना पायाची घडी उलटून आतली बाजू पाहावी. डेनिममध्ये बाहेर ताणा (उभा धागा) जास्त दिसतो, आत बाणा (आडवा धागा). बाणा पांढरा असेल तर काळ्याचा करडा लवकर होईल. तोही काळाच असेल तर जीन्स बराच काळ काळी राहील.

रंग आपसूक विटेपर्यंत धीर नसलेल्या गिऱ्हाइकासाठी कारखाने तो आधीच फिका करण्याची घाई करतात आणि त्याची किंमत दुसराच कुणीतरी मोजतो. उल्हासनगरच्या जीन्स वॉशिंग कारखान्यांचं रंगीत पाणी वालधुनी नदीत गेलं. प्रकरण न्यायालयापर्यंत पोचलं आणि अनेक कारखान्यांना टाळं लागलं. तुर्कस्तानात जीन्सवर वाळूचा फवारा मारणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार झाला. 2009 मध्ये तिथे या पद्धतीवर बंदी आली. फुफ्फुसात गेलेली धूळ काय करते, हे फाउंड्री आणि ब्लास्टिंगच्या कामगारांना वेगळं सांगायला नको.

कोऱ्या जीन्सचे लाड फार नाहीत. खळ असल्याने सुरुवातीला ती कडक लागते. पहिल्या धुण्यात ती आटू शकते, म्हणून माप तसं घ्यावं. उलटी करून गार पाण्यात धुवावी, सावलीत वाळवावी. ब्लीच मात्र टाळावं, कारण क्लोरीनपुढे सल्फरचा रंग टिकत नाही. दमट कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिली तर याच रंगातून आम्ल तयार होऊन कापड कमकुवत होऊ शकतं. म्हणजे जपून ठेवण्यापेक्षा वापरलेली बरी.

विक्रेत्यांनीही एक गोष्ट करावी. लेबलवर ‘शंभर टक्के कॉटन’ लिहून थांबू नये. रंग कोणता, बाणा कसला, कापड कोरं की धुतलेलं आणि फिकेपणा कोणत्या प्रक्रियेने आणला, हेही छापावं. त्यासाठी फार लांब जायला नको, महाराष्ट्रातच यवतमाळला डेनिमची गिरणी आहे. ही माहिती गिरणीपाशी आणि वॉशिंग कारखान्यापाशी असतेच, ती गिऱ्हाइकापर्यंत आणायला चार ओळींची जागा पुरेल.