चापड्याला जागेवर राहू द्या

मंडळी, आज जरा चढ्या आवाजात लिहिते आहे. ३६ वर्षं वर्गात आवाज चढवला, ती सवय निवृत्तीनंतरही जात नाही.

पाऊस लागला की आमच्या नात्यातली निम्मी तरुण मंडळी कॅमेरे घेऊन आंबोलीला पळतात. जा की! पण परत आल्यावर जे फोटो दाखवता ना, त्याबद्दल बोलायचं आहे. मलबारी चापडा. जगात फक्त पश्चिम घाटात सापडणारा, झाडाझुडपांवर राहणारा विषारी साप. प्रत्येक फोटोत हा नेमका शेवाळलेल्या फांदीवर, मागे काळोख आणि तोंड आपल्याकडे! भाच्याला विचारलं, "हा असाच बसला होता का रे?" तर म्हणे, "नाही मावशी, अडचणीत होता. गाईडने काठीने उचलून इथे ठेवला."

अरे, अडचणीत नव्हता, कामावर होता! चापडा भक्ष्यामागे धावत नाही. ओढ्याकाठच्या झुडपात दबा धरून तासन्‌तास बसतो. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्याला एक खळगा असतो, त्यामुळे उंदराच्या अंगाची ऊब त्याला मिट्ट काळोखातही कळते. बेडूक, पाल, उंदीर, जे काही टप्प्यात येईल त्यावर त्याचं पोट. तुम्ही त्याला उचललंत, दहा जणांनी फ्लॅश उडवले आणि हॉटेलात जेवायला गेलात. त्याच्या जेवणाचं काय?

यावर ठरलेलं उत्तर असतं, "फोटो बघूनच लोकांना साप आवडायला लागतात, मग ते मारत नाहीत." हे खोटं नाही. हिरवा, पिवळा, तपकिरी, केशरी... एकाच जातीत एवढे रंग पाहून कोणीही हरखेल. पण आवड लावण्यासाठी साप हलवावा लागतो हे कुठल्या शाळेत शिकवलं? पानाआडून अर्धाच दिसतोय ना, मग अर्धाच दाखवा! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दात नुसतं मारणं नाही, पकडणंही येतं. मराठी शिकवलेल्या बाईला अशी व्याख्या फार आवडते.

आणि त्या काठीवाल्या पोराचा विचार कोणी करतं का? आपल्याकडचं सर्पदंशावरचं नेहमीचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनतं. चापडा त्यात नाही. त्याच्या दंशाने सहसा जीव जात नाही म्हणतात, पण हात सुजून ठणकतो तो त्या पोराचा, तुमचा नव्हे.

तेव्हा यंदापासून फोटोखाली एक ओळ लिहायची: साप हलवला की नाही. हलवला असेल तर त्या फोटोला माझ्याकडून 'छान' मिळणार नाही, सख्खा भाचा असला तरी.