समाजसेवकाची शाळा: नागपाडा की बोर्डीचे अंगण?

#धागा

समाजकार्याचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा. भारतातील समाजकार्य शिक्षणाचा आरंभ: १९३६, मुंबईतील नागपाडा, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट. सन बरोबर आहे. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र चूक आहे, आणि ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या मुलांनी तरी तो मुकाट्याने पाठ करू नये.

पदवीचा आरंभ नागपाड्यात झाला, हे मान्य. महानगरातील वस्त्यांच्या प्रश्नांतून ती शाळा जन्मली आणि तिने आपले काम चोख केले. पण पाड्यावर काम करणारा माणूस घडवायचा कसा, हा निराळाच प्रश्न होता. त्याचे उत्तर जुन्या ठाणे जिल्ह्यात शोधले गेले, आणि तेही एकाच वर्षी: १९४५.

(जुना ठाणे जिल्हा म्हणजे कल्याणपासून थेट उंबरगावपर्यंत. उंबरगाव १९६० साली गुजरातेत गेले. डहाणू-तलासरी १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. म्हणून यापुढची गावे आज ठाण्याच्या नकाशावर शोधू नका.)

जानेवारी १९४५, टिटवाळा. आज कल्याण-डोंबिवली महापालिकेत मोडणारे आणि आपल्याला केवळ गणपतीमुळे ठाऊक असलेले हे गाव. महाराष्ट्रातील किसान सभेचे पहिले अधिवेशन येथे भरले. त्यासाठी उंबरगाव तालुक्यातून काही वारली आले होते. माह्या धांगडा हे त्यांपैकी एक. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांची वाट उंबरगावकडे वळली ती येथून.

आता गोदावरीबाईंचे शिक्षण पाहा. कायद्याची पदवी. त्यानंतर गोखल्यांच्या भारत सेवक समाजाची आजीव सदस्यता, आणि तीही मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९०५ साली स्थापन झालेला हा समाज म्हणजे देशसेवक घडविण्याची त्या काळची सर्वांत कसोशीची शाळा. म्हणजे समाजसेवेचे त्या काळी उपलब्ध असलेले उत्तम शिक्षण त्यांनी घेतलेले होते. तरीही वारल्यांमध्ये त्यांना पुन्हा पहिलीपासून शिकावे लागले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचताना जाणवते ते हेच: शिकणारी व्यक्ती लेखिका आहे, शिकविणारे वारली आहेत.

वेठ काय असते, हे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर सावकाराकडे राबणारा ‘लग्नगडी’ १९३०च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन यांच्या सरकारी अहवालात येऊन गेलेला होता. अहवाल कपाटात राहिला, गडी शेतावर राहिला. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवले की वेठ करायची नाही, रोजी बारा आणे मिळाल्यावाचून जमीनदाराच्या जमिनीवर पाऊल टाकायचे नाही. १० ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार झाला. पाच जण मारले गेले. जेठ्या गांगड त्यांतले एक.

याच वर्षाची दुसरी बाजू. बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टने ग्रामसेविकांसाठी शिबिर घेतले. संचालिका ताराबाई मोडक. शिबिरार्थींमध्ये पुण्याच्या हुजूरपागेतील एक शिक्षिका, पस्तिशीच्या अनुताई वाघ. बालपणीच विधवा झालेल्या. त्याच वर्षी दोघी बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

ताराबाई मूळच्या माँटेसरी पद्धतीच्या, भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम केलेल्या. बालवाडी उघडली, पण पाड्यावरची मुले येईनात. शहरी तज्ज्ञाचे ठरलेले उत्तर आपण सर्वांनी ऐकलेले आहे: ‘या लोकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही.’ ताराबाईंनी दोष मुलांना दिला नाही. बालवाडीच उचलून पाड्याच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या माघारीतून जन्मला आहे. महागड्या साधनांच्या जागी शंख, बिया, पाने, खडे आले. मुलांना आधी न्हाऊ-माखू घालायचे, मग गाणी. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली गेली. बालसेविकाही या कामातच घडल्या.

‘पण ताराबाई तरी कुठे गावच्या? त्यांची विद्याही परदेशी!’ असा आक्षेप येईल. बरोबर, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. पाड्याने दुरुस्त केल्यावरच ती विद्या कामाची झाली.

येथे दोन्ही गटांचे भक्त रागावतील, याची मला कल्पना आहे. कोसबाडचे गुणगान करणारे झरीचे नाव घेत नाहीत. झरीला लाल सलाम करणारे बालवाडीला मलमपट्टी समजतात. लग्नगड्याच्या पोराला केवळ गाणी शिकवून भागत नाही, आणि वेठ मोडल्याने ते पोर आपोआप वाचू लागत नाही. एकाच वर्षी, जवळजवळच्या गावांत हे दोन्ही घडले. आपण मात्र त्यांची दोन वेगळी पुस्तके करून ठेवली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. अंगणवाडी हे नाव देशभर पोचले. त्यासोबत पोचायला हवे होते ते मागे राहिले. अंगणवाडी सेविका ‘मानसेवी’ ठरली. तिला वेतन नाही, मानधन. तिलाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत एप्रिल २०२२ उजाडले. गावात रोज राबणारी ही बाई आपल्या लेखी ‘प्रशिक्षित समाजकार्यकर्ती’ नाही. आठ-दहा दिवसांचे ग्रामीण शिबिर करून, मुरबाड-शहापूरच्या एखाद्या वाडीत सर्वेक्षणाचे तक्ते भरून परतणारा पदवीधर मात्र आहे. रविवारी गाडीतून जाऊन वह्या-चादरी वाटणारे आणि छायाचित्रे टाकणारे डोंबिवलीकर तर स्वतःला थेट समाजसेवकच म्हणवतात.

मागणी साधी आहे. ठाणे-कल्याणच्या समाजकार्य वर्गांत १९३६ शेजारी १९४५ शिकवा. शहापूर-मुरबाडच्या अनुभवी अंगणवाडी सेविकेला त्या वर्गात पाहुणी म्हणून नव्हे, तासाचे मानधन नव्हे तर वेतन देऊन, अध्यापिका म्हणून बोलवा. आणि ग्रामीण शिबिराचे निम्मे गुण ज्या पाड्यावर विद्यार्थी राहिला, त्या पाड्याने द्यावेत. अनुत्तीर्ण करण्याचा अधिकारही त्यालाच असावा.