काखेत कळसा, गावाला वळसा!

थर्ड इयरला हीट एक्स्चेंजर नेटवर्क शिकवतात. रिअॅक्टरमध्ये जाणारा फीड तापवायचाय, बाहेर येणारा प्रॉडक्ट थंड करायचाय. मग याचीच उष्णता त्याला द्या! दोन हॉट स्ट्रीम, दोन कोल्ड, डेल्टा टी मिनिमम १० अंश, काढा पिंच. हॉस्टेलवर एकजण गणित सोडवतो, बाकीचे छापतात. पैकीच्या पैकी मार्क!

पण पिंच म्हणजे नक्की काय, हे मला कळलं ते कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर. (चुलवाण, काहील हे शब्दही आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना तिथेच कळले!) काहिलीतून वाफेचे ढग निघत होते. मी म्हटलं, "मामा, केवढी उष्णता वाया जाते! हीच वाफ परत वापरली तर?" मामा हसले. "वाफंनं रस तापंल की, पर उकळंल काय?"

मी गप्प. रूमवर येऊन कॅल्क्युलेटर काढला. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता मिळते. तेवढ्यात नऊ-दहा किलो रस ३० अंशांवरून ९० पर्यंत तापेल. पण रसाला लागणाऱ्या एकूण उष्णतेचा हा जेमतेम दहावा भाग. बाकीची जाते पाणी उडवण्यात. आणि काहिलीतला रस उकळतो १०० अंशांच्या वर. मग १०० अंशांची वाफ त्याला उकळवणार कशी? उष्णता ढीगभर, तापमान कमी. हाच तो पिंच!

साखर कारखान्यात यावर उपाय आहे : दाब कमी करणे. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या, कमी दाबाच्या भांड्यातला रस उकळवते; दुसऱ्यातली तिसऱ्यातला. अशी चार भांडी असली की एक किलो वाफेत जवळजवळ चार किलो पाणी उडतं. मधलीच थोडी वाफ काढून ज्यूस हीटरला देतात. वाफ वाचली की बगॅस वाचतो, आणि त्यावर वीज करून विकता येते. नॉर्बर्ट रिलियू यांचं या पद्धतीचं पेटंट १८४३ चं, तेही उसाच्या रसासाठी! लिनहॉफ आदींनी पिंचची रीत मांडली ती १९७० च्या दशकात. म्हणजे आधी ऊस, मग पुस्तक.

म्हणून सर आणि मॅडमना विनंती, डिझाइन प्रोजेक्टचे आकडे पुस्तकातून नको, गुऱ्हाळातून नाहीतर कारखान्यातून आणायला लावा. मान्य, आकडे सरळ मिळणार नाहीत. ट्यूबना कीट धरेल, हंगाम काही महिन्यांचाच, एक्स्चेंजरचा खर्च निघेल का हेही मामा विचारतील. पण मित्रांनो, इंजिनीअरिंग तिथूनच तर सुरू होतं! मामांनी एका वाक्यात माझी आयडिया मोडली. व्हायव्हात तो प्रश्न कुणी विचारला नव्हता.