म्हणे, "मधेच कशाला?"

परवा एका मित्राने जेम्स बाल्डविनची 'अनदर कंट्री' परत केली. म्हणाला, "अरे, ह्याचे वर्णद्वेषावरचे निबंध काय जबरदस्त आहेत! पण कादंबरीत हे समलिंगी प्रकरण मधेच कशाला?"

मधेच?? तेव्हापासून डोक्यात तिडीक बसली आहे.

१९५६ सालची 'जिओव्हानीज रूम' आधीच्या अमेरिकन प्रकाशकाने नाकारली होती. हार्लेमच्या कृष्णवर्णीय लेखकाने कृष्णवर्णीयांबद्दलच लिहावं. दोन गोऱ्या पुरुषांचं प्रेम त्याला कोणी सांगितलंय? पुढे १९६८ मध्ये ब्लॅक पँथरच्या एल्ड्रिज क्लीव्हरने 'सोल ऑन आइस'मध्ये उलटा आरोप केला, की ह्याचं समलिंगी असणं म्हणजे स्वतःच्याच वंशाचा द्वेष. म्हणजे एकाला तो पुरेसा काळा वाटला नाही आणि दुसऱ्यालाही नाही!

आता 'अनदर कंट्री'तला (१९६२) रूफस बघा. जॅझ ड्रमर. प्रेम करणाऱ्या गोऱ्या लिओनाला तो मारझोड करतो, एरिकच्या प्रेमाचा अपमान करतो आणि शेवटी पुलावरून उडी टाकतो. बाहेर रोज हाडतुड होणाऱ्या माणसाला घरात कुणी जवळ घेतलं तरी ते खरं वाटत नाही. वर्णद्वेष असा अंथरुणापर्यंत येतो. मग ह्यातलं 'सामाजिक' कुठे संपलं आणि 'खाजगी' कुठे सुरू झालं? दाखवाच.

१९७९ च्या 'जस्ट अबव्ह माय हेड'मध्ये तर आर्थर हा चर्चची गाणी गाणारा गायक. तो गेल्यावर त्याच्या थोरल्या भावाला स्वतःचा मुलगा विचारतो, शाळेतली पोरं काकाबद्दल बोलतात ते खरं का? बापाला उत्तर द्यावं लागतं. माझ्या मते समाज बदलतो तो अशा घरातल्या प्रश्नांनी.

आपल्याकडे १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. त्या विद्रोहाशी आपलं नातं आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच ब्लॅक पँथरच्या ह्यूई न्यूटनने १९७० मध्येच आपल्या लोकांना बजावलं होतं, की समलिंगींच्या चळवळीला मित्र माना. हे मात्र आपण सोयीस्कर विसरतो.

क्लीव्हरच्या पुस्तकानंतर दोन वर्षांत पँथरचा नेता एवढं बोलू शकला. आमचा मित्र अजून "मधेच"पाशी अडकलाय.

असो. पुस्तक त्याला पुन्हा देणार आहे.